मोंटाल्वोचं नाव कुणी घेईना

माझा मामा एमिल ह्रुष्का रेडिओ ऐकायचा तो चौकीत जबानी घेतात तसा. खुर्ची पुढे ओढून, कोपरं गुडघ्यांवर टेकून, मान एका अंगाला कलती करून. समालोचक व्हर्नचं एक वाक्य पुरं झालं की ह्याचा "हं." पुढचं वाक्य, पुन्हा "हं." त्या हुंकारात इतकं काही असायचं, की सिंडर स्ट्रीटवरून जाणाऱ्या माणसाला मॅचचा स्कोअर विचारायची गरज पडत नसे.

"पोरं आज चेंडू चांगला बघतायत," व्हर्न म्हणायचा.

"बघतायतच," मामा रेडिओला सांगायचा. "मारत नाहीत."

आमची बेसबॉलची टीम बार्जमेन. नदीतल्या कोळशाच्या पडावांवरून, म्हणजे मालाच्या सपाट होड्यांवरून, पडलेलं नाव. गावात पडाव उरले नाहीत, कोळसाही उरला नाही, टीम तेवढी उरली, आणि तीही पडावासारखीच चालायची, मागून कुणी ढकललं तर. मी सांगतोय त्या उन्हाळ्यात तर तिने हरण्याचे सगळे प्रकार करून बघितले. नऊ रनांनी हरली. एका रनाने हरली. जिंकलेली मॅच शेवटच्या इनिंगमध्ये पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, तो प्रेक्षकांत फेकून हरली. आणि रेडिओवर व्हर्न आणि त्याच्या शेजारी बसणारा जुना पिचर स्किप, दोघं असे गोड बोलायचे, जणू बारशाला आलेत.

"त्यांना पगार कोण देतं?" मामा मला विचारायचा. मी उत्तर द्यायचं नसे. ते तोच द्यायचा. "क्लब. खाल्ल्या मिठाला जागतायत. उंदराला मांजर साक्ष."

मामाचा स्वभाव जन्माचा का नोकरीने आलेला, हे आमच्या घरात कधी ठरलं नाही. तो पोलादाच्या कारखान्यात गेटवर होता. पाळी सुटली की माणसं रांगेने बाहेर पडायची आणि मामा एकेकाचा जेवणाचा डबा उघडून बघायचा, आतून पितळेचा नळ किंवा तांब्याची तार चालली आहे का. सगळं आयुष्य ह्यात गेलं. शेजाऱ्यांचे डबे, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणाऱ्यांचे डबे, माझ्या बापाचाही डबा. लग्न केलं नाही. एक बाई होती म्हणतात, पण ती फार हसते, ह्यात काहीतरी आहे, असं त्याला वाटलं. कारखाना बंद पडला, माझा बाप गेला, आणि आई आपल्या भावाकडे, आजोबांच्या घरात, सिंडर स्ट्रीटवर राहायला आली. मी बस डेपोत मेकॅनिक, समोरच्या रांगेत राहतो. रविवारी चर्च झालं की जेवायला तिथेच.

मामा फळं घेताना तळातली उपसून बघायचा. पोस्टमनने उशीर केला की त्याने वाटेत कुणाचं पाकीट वाचलं असणार. पण हा सगळा चिल्लर संशय. मुद्दलाचा संशय बार्जमेनसाठी राखून ठेवलेला. त्याच्या मते टीम वाईट खेळत नव्हती, तिला वाईट खेळू दिलं जात होतं. मालकाला जमीन हवी होती, मैदान पाडून तिथे काहीतरी बांधायचं होतं, आणि त्यासाठी लोकांनी आधी कंटाळायला हवं होतं. रेडिओवरची माणसं लोकांना हळूहळू झोपवायला ठेवली होती. ह्या सगळ्याला त्याच्याकडे खुणा होत्या. व्हर्न हॉटडॉगबद्दल बोलायला लागला, की समजायचं मैदानात कुणीतरी लंगडतोय. स्किप आपल्या तरुणपणीच्या गोष्टी काढायला लागला, की पिचरचा खांदा गेला. आणि गंमत अशी, की दहातून सहा वेळा ते खरं निघायचं. उरलेल्या चार वेळा मामा म्हणायचा, "लपवतायत."

हे सगळं पोटात ठेवणारा माणूस नव्हता तो. मॅच संपली की त्याच स्टेशनवर रॉनीचा कार्यक्रम लागायचा. गावातली माणसं फोन करून टीमला शिव्या द्यायची, सभ्य शब्दांत. त्या कार्यक्रमाचा नंबर लहान पोरालाही पाठ, कारण त्याचं गाणं होतं आणि नंबराच्या शेवटी चार एक होते. माणसं फोनवर आपली ओळख गल्लीने सांगायची. ब्रिज स्ट्रीटचा हँक, मिल हिलची डोरोथी. आणि सिंडर स्ट्रीटचा एमिल. हा एमिल बोलायला लागला की गसच्या दारूच्या दुकानात लोक ग्लास खाली ठेवायचे. मामा मित्र नसलेला माणूस. रस्त्यात त्याला कुणी थांबवून गप्पा मारत नसे, ज्यांचे डबे उघडले ते तर नाहीच नाही. पण रेडिओवर तो बोलायचा तेव्हा सगळं गाव गप्प बसून ऐकायचं. ते त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी बेकरीत बाई पाव बांधताना म्हणायची, "काल चांगला धुतलात त्यांना," आणि मामा म्हणायचा, "हं." पण तो हं वेगळा असायचा.

एप्रिलमध्ये, सीझन नुकता सुरू झालेला असताना, मामा फोनवर बोलता बोलता स्वयंपाकघरात कोसळला. हृदय. दवाखान्यात बरेच दिवस काढले. घरी आला तो निम्मा होऊन. डॉक्टरने मीठ बंद केलं, सॉसेज बंद केलं, बिअर रविवारची एक ठेवली, आणि म्हणाला, "चिडायचं नाही."

"टीम बदलू का मग?" मामा म्हणाला.

मेपासून तो पुन्हा रेडिओजवळ बसायला लागला आणि पुन्हा फोन लावायला लागला. आणि त्याचा फोन लागेना. म्हणजे लागायचा, पण पुढे जाईना. फोन उचलणारी टेस म्हणून एक मुलगी होती, ती आधी नाव-गल्ली विचारून घ्यायची आणि मग रॉनीकडे सोडायची. मामाने नाव सांगितलं की ती म्हणायची, "आज लाईनी फार आहेत हो," आणि थांबवून ठेवायची, ते कार्यक्रम संपेपर्यंत. मामा रिसीव्हर कानाला लावून उभा आणि रेडिओवर ब्रिज स्ट्रीटचा हँक दुसऱ्यांदा बोलतोय.

"माझं तोंड बंद केलंय," मामा मला म्हणाला. "वरून हुकूम आलाय."

"कुणाचा?"

"क्लबचा. मी बोललो की लोक ऐकतात, ते त्यांना नको झालंय."

आई ओट्याशी कोबी चिरत होती. तिची सुरी थांबली नाही. "तुझ्यावाचून त्यांचं काय अडलंय," एवढं म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. अडलंय म्हणून तर."

जुलै संपायला आला. बेसबॉलमध्ये हे दिवस वाईट. हरणाऱ्या टीमा आपली बरी माणसं जिंकणाऱ्या टीमांना विकून टाकतात, आणि त्याला ठरावीक मुदत असते. आमच्याकडे बरा माणूस एकच होता, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये चेंडू अडवणारा, एलिओ मोंटाल्वो. पोर्तो रिकोचा पोरगा. नऊ रनांनी मागे असतानासुद्धा साधा चेंडू मारून पहिल्या बेसकडे असा पळायचा, जणू मागे कुत्रं लागलंय. मामाला जगात ज्या माणसाबद्दल संशय नव्हता तो हा एक. "हा पळतो तेव्हा कुणी बघतंय का हे बघत नाही," मामा म्हणायचा. त्याच्या तोंडून ह्याहून मोठी पदवी कुणाला मिळाली नाही.

एका गुरुवारी संध्याकाळी मी डेपोतून येत होतो, तर मामाने व्हरांड्यातून मला बोटाने बोलावलं. आवाज खाली आणला.

"ऐक. मोंटाल्वोला विकतायत."

"कुठे आलं? पेपरात?"

"पेपरात कशाला येईल? व्हर्न त्याचं नाव घेत नाही."

"म्हणजे?"

"अरे, गेल्या आठवड्यापर्यंत ह्या व्हर्नला मोंटाल्वोशिवाय घास गिळत नव्हता. त्याची आई काय रांधते, त्याची बहीण नर्स आहे, त्याचे हात कसे लोण्यासारखे. आणि मंगळवारपासून? 'चेंडू शॉर्टस्टॉपकडे. शॉर्टस्टॉपने उचलला. पहिल्या बेसला बाद.' कोण शॉर्टस्टॉप? त्याला आईबापाने नाव ठेवलंय का नाही? काल दोन चेंडू मारले पोराने. तरी नाव नाही. स्किप घ्यायला गेला एकदा, 'मों' एवढं म्हणाला आणि व्हर्नने मध्येच हवामान काढलं."

मी म्हटलं, "योगायोग असेल."

मामाने माझ्याकडे बघितलं, डबा उघडून बघतात तसं. "तुझा आजा काय सांगायचा? ज्या डुकराला नाताळात कापायचंय त्याला नावाने हाक मारू नये. मग सुरी चालत नाही. त्यांना कळवलंय वरून. सवय मोडतायत, आपली आणि त्यांची."

मग तो म्हणाला की हे रविवारपर्यंत रेडिओवर बोललं गेलं पाहिजे. सोमवारी मुदत संपते. गावाने आधी ऐकलं, चार माणसं बोंबलली, तर मालकाला लाज वाटेल. विकल्यावर बोलण्यात अर्थ नाही. "विकल्यावर सगळेच म्हणतील, मला माहीत होतं."

आपला आवाज टेस ओळखते, म्हणून फोन मी करावा असं ठरलं. मी शुक्रवारी डेपोतून केला. टेसने विचारलं, कुठून बोलताय. मी सांगितलं, सिंडर स्ट्रीट. तिने विचारलं, "तुम्ही एमिलकाकांचे कुणी का?" मी पुरतं हो म्हणायच्या आत म्हणाली, "आज लाईनी फार आहेत हो."

हे मी मामाला सांगायला नको होतं. त्याचे डोळे असे लकाकले, की मला वाटलं पुन्हा दवाखाना.

"अख्खी गल्ली," तो म्हणाला. "अख्खी गल्ली बंद केली त्यांनी. माझ्यासाठी."

आई म्हणाली, "गोळी घेतलीस का?"

रविवारी दुपारची मॅच होती. आम्ही चिकन सूप आणि बिनमिठाच्या हालुश्की जेवलो, म्हणजे कोबीत परतलेले पिठाचे गोळे. माझ्या ताटात आई चोरून मीठ टाकते आणि मामा ते बघतो. मॅच सुरू झाली तेव्हा मामा आपल्या जागी. व्हर्नने खेळणाऱ्यांची नावं वाचली. शॉर्टस्टॉपला कुणी भलताच पोरगा. मोंटाल्वोला आज विश्रांती, व्हर्न म्हणाला, आणि लगेच हॉटडॉगवर आला.

मामाने "हं" केलं नाही. हे मी पहिल्यांदा बघितलं. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. आम्ही हरलो. किती रनांनी ते त्या दिवशी मोजलं नाही कुणी.

रॉनीच्या कार्यक्रमाचं गाणं लागलं तसा मामा उठला. रेडिओ बंद केला, कारण फोनवर बोलताना घरचा रेडिओ चालू असला की कानात शिट्टी वाजते आणि रॉनी चिडतो. आईकडे वळला.

"ओल्गा, तू लाव."

"मी?"

"बाईचा आवाज ओळखणार नाहीत. गल्ली दुसरी सांग. मिल हिल सांग. आणि रॉनीकडे गेली लाईन की मी घेतो."

"मला नाही जमत असलं. खोटं बोलायचं, तेही रविवारी."

"मिठाचं जमतं ते रविवारी?"

आई पदराला हात पुसावेत तशी ॲप्रनला हात पुसत राहिली. मला वाटलं, ती नाहीच म्हणणार. पण मामा तिच्यासमोर उभा होता आणि त्याचा चेहरा असा होता की त्याला नाही म्हणणं जड होतं. तो मागत नसे कधी. लहानपणापासून नाही. ती भिंतीकडे गेली, आमच्याकडे पाठ करून डायल फिरवायला लागली. आमचा फोन जुना, काळा, बोट घालून फिरवायचा. डायल सोडली की खर्रर्र करत जागेवर येते. एक फिरवला की टिक. नऊ फिरवला की जीव जातो तोवर खर्रर्र.

रॉनीचा नंबर टिक-टिक-टिक-टिकने संपतो. आईचा संपला तो लांबलचक खर्रर्रने.

मामा म्हणाला, "हा तो नंबर नाही."

आईची पाठ हलली नाही.

"चुकलं असेल बोट," मी म्हटलं.

"चुकलं असतं तर तिने ठेवला असता."

जुन्या फोनांचा आवाज मोठा. पलीकडे रिसीव्हर उचललेला आम्हा तिघांना ऐकू आला. टेसच. आणि नाव-गल्ली काही न विचारता ती म्हणाली, "ओल्गामावशी? बरे आहेत ना ते? आज त्यांचा फोन कसा नाही आला अजून?"

खिडकी उघडी होती. बाहेर गल्लीत प्रत्येक व्हरांड्यात रेडिओ होता आणि ब्रिज स्ट्रीटचा हँक बोलत होता.

मामा खुर्चीत बसला. "ही तुला मावशी कधीपासून म्हणते?"

आईने रिसीव्हर ठेवला नाही, छातीशी धरला. "एप्रिलपासून," ती म्हणाली. "तू दवाखान्यात होतास तेव्हा मी स्टेशनवर गेले. तिला भेटले. तिने आतला नंबर दिला. मी सांगितलं, माझ्या भावाचा फोन आला तर सोडू नको. आमच्या गल्लीतून कुणी त्याच्या वतीने केला तरी सोडू नको."

"तू."

"मी."

"माझी बोलती तू बंद केलीस."

"केली. पुन्हा करीन." आता ती वळली. "मी चर्चच्या हॉलमधून आले होते, हातात पिठाचं पातेलं. तू ह्या इथे पडलेला. रिसीव्हर वायरीला लोंबतोय आणि त्यातून तो रॉनी म्हणतोय, 'एमिल? आहात का? लाईन गेली वाटतं. चला, पुढचा फोन.' पुढचा फोन, एमिल. तू मेला असतास, आणि तो म्हणाला पुढचा फोन. मिल हिलची डोरोथी पंचाला शिव्या देत होती आणि मी तुझ्या तोंडात गोळी कोंबत होते."

 मामाने असा प्रश्न विचारला ज्याची मला अपेक्षा नव्हती.

"म्हणजे क्लबने नाही सांगितलं?"

"क्लबला कुठे ठाऊक आहेस तू?"

हे तिने रागाने म्हटलं नाही, पण लागलं ते हेच. बहिणीने फसवलं हे त्याने एका दमात पचवलं असावं, घरचं माणूस आहे. पण तीन महिने एक अख्खी कंपनी, मालक, वकील, समालोचक, सगळे मिळून आपल्याला घाबरून आहेत अशा हिशोबाने हा माणूस जगत होता. बिनमिठाचं खात होता तरी ताठ होता. आता समजलं की तिकडे कुणाला पत्ताच नाही. भीती वाटत होती ती एका बाईला, आणि ती ओट्याशी उभी राहून कोबी चिरत होती.

मी म्हटलं, "आई, राहू दे आता, ठेव फोन."

"थांब," मामा म्हणाला. आवाज अगदी साधा. "ओल्गा, उद्या विकतील त्याला. माझं चुकत असेल तर चुकू दे. पण आज बोललो नाही तर ते माझ्यात राहील. ते जास्त वाईट की बोलणं जास्त वाईट, हे डॉक्टरला विचारलंस का तू?"

"नाही विचारलं."

"मग?"

छातीशी धरलेल्या रिसीव्हरमधून टेसचा बारीक आवाज आला. "मावशी, मी लाईन धरून ठेवलीय. सोडू का पुढे? का तोडू?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी कुठे बघावं हे न कळून खिडकीकडे बघितलं. मग आईने पायाने एक खुर्ची मामाच्या खुर्चीला लावली, बसली, आणि त्याचं डावं मनगट आपल्या हातात घेतलं, नाडी बघतात तसं.

"चढवलास आवाज की तोडीन," ती म्हणाली. "'मालक' हा शब्द काढायचा नाही, त्या शब्दाला तू लाल होतोस. टेस पोरी, सोड."

आणि रिसीव्हर त्याच्या उजव्या हातात दिला.

"सिंडर स्ट्रीट," रॉनी म्हणाला. "एमिल? अहो, तुम्ही जिवंत आहात होय."

"तसा संशय आहे," मामा म्हणाला.

रॉनी हसला. मग मामा बोलला. मी त्याला इतकं हळू बोलताना कधी ऐकलेलं नव्हतं. शिवी नाही, टोमणा नाही, एकेक शब्द अंडं ठेवल्यासारखा. आईचं बोट मनगटावर होतं आणि तो तिच्या बोटाकडे बघून बोलत होता. "मोंटाल्वोला उद्या विकणार आहेत. मंगळवारपासून तुमच्या व्हर्नने त्याचं नाव घेतलेलं नाही, आज विश्रांतीचं सांगताना घ्यावं लागलं तेवढं एकदा. व्हर्न वाईट माणूस नाही. त्याला जड जात असणार. पण त्याला माहीत आहे, स्किपला माहीत आहे, आणि मला वाटतं, रॉनी, तुम्हालाही माहीत आहे. ज्यांना माहीत नाही ते तिकीट काढून येतात, त्यांना सांगावं म्हणून फोन केला."

तेवढ्यात ते झालं. रेडिओवर फोनचं बोलणं काही सेकंद उशिरा येतं, कुणी शिवी दिली तर कापता यावी म्हणून. मामा बोलून थांबला, आणि खिडकीतून त्याचा आवाज आला. आधी समोरच्या व्हरांड्यातून, मग खालच्या अंगाने गसच्या दुकानातून, मग आणखी कुठून तरी. मोंटाल्वोला उद्या विकणार आहेत. सगळ्या गल्लीत तो स्वतःच बोलत होता, संथ, म्हाताऱ्या माणसासारखा. गसच्या दुकानातला गलका बंद पडला. मामा मान कलती करून ऐकत होता, जसा व्हर्नला ऐकायचा तसा.

"एमिल," रॉनी म्हणाला, आणि पुढे त्याला काही सुचेना. रेडिओवरच्या माणसाला काही न सुचणं म्हणजे काय, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. मग म्हणाला, "चला, एक छोटी विश्रांती घेऊ."

काही सेकंदांनी गल्लीभर गाद्यांच्या दुकानाची जाहिरात सुरू झाली.

मामाने रिसीव्हर आईकडे दिला. "आत्ताच तर जाहिरात झाली होती," तो म्हणाला. "हँकच्या आधी. ऐकलीस ना?"

"ऐकली," आई म्हणाली. मनगट तिने सोडलं नव्हतं.

सोमवारी दुपारी डेपोतल्या रेडिओवर बातमी आली. मोंटाल्वो कॅलिफोर्नियाला, बदल्यात दोन पोरं, ज्यांची नावं बातमी देणाऱ्यालाही नीट वाचता आली नाहीत. डेपोतल्या माणसांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या, जणू मीच बोललो होतो. संध्याकाळी गसने मामासाठी बिअरची बाटली पाठवली, फुकट. मामाने ती उजेडात धरून बघितली.

मी म्हटलं, "बरोबर निघालं ना, मामा."

"तेच तर," तो म्हणाला.

त्याच्या तोंडावर आनंद शोधत होतो मी, आणि तिथे तो नव्हता. थोड्या वेळाने त्याने स्वतःच सांगितलं. त्याला वाटलं होतं, आपण बोललो की ते लाजतील आणि थांबतील. खरं ठरायला नव्हता बोलला तो. खोटं पडायला बोलला होता.

रेडिओवर मॅच लागली. व्हर्न म्हणाला, मोंटाल्वोचं जाणं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. स्किप म्हणाला, खरंच नव्हतं. आणि मग व्हर्न मोंटाल्वोबद्दल बोलायला लागला, आठवडाभराचं साठलेलं. त्याची आई काय रांधते, त्याचे हात, त्याचं पळणं. नाव घ्यायचा, पुन्हा घ्यायचा. मामा ऐकत राहिला. एकदा म्हणाला, "रडतोय तो." मी कान दिला, मला तसं काही वाटलं नाही. "नाही," मामाने लगेच दुरुस्त केलं. "सर्दी असेल. किंवा त्यांनी सांगितलं असेल रडायला."

आम्ही हरलो. रॉनीचं गाणं लागलं. मामाने रेडिओ बंद केला आणि आईकडे बघितलं. आई उठली, खुर्ची त्याच्या खुर्चीला लावली, आणि भिंतीकडे गेली. नियम आता असा ठरला होता, की फोन तिनेच लावायचा, आतल्या नंबरवर, आणि मनगट तिच्या हातात असेपर्यंतच बोलायचं. नंबर सांगणार नाही म्हणाली. "सांगितला की मी चर्चच्या हॉलमध्ये गेले असताना लावशील."

"मी कशाला लावीन?"

"तुझा भरवसा नाही."

ती डायलवर वाकली, मोकळा हात डायलभोवती झाकणासारखा धरून, आवाज दबावा म्हणून. मामाने डोळे मिटले आणि मान कलती केली. खर्र. खर्रर्र. टिक.

"तीन आकडे पकडलेत," तो मला कुजबुजला. "हिला सांगू नको."

"ऐकू येतंय मला," आई म्हणाली, आणि ठेवून पुन्हा पहिल्यापासून फिरवायला लागली, ह्या वेळी मोठमोठ्याने खोकत.